डेस्कटॉप हेडफोन ॲम्प्लिफायर : हेडफोन आणि आयईएम दोन्हींसाठी निवड

डॅकमधून (डिजिटल संकेत ॲनालॉगमध्ये बदलणाऱ्या उपकरणातून) किंवा संगणकातून आलेला संकेत हेडफोन चालवण्याइतका मोठा करणाऱ्या, टेबलावर ठेवून घरच्या विजेवर वापरायच्या उपकरणाला डेस्कटॉप हेडफोन ॲम्प्लिफायर म्हणतात. त्याच उपकरणावर डोक्यावरचे मोठे हेडफोन आणि कानाच्या नळीत बसणारे इन-इयर मॉनिटर, म्हणजेच आयईएम, असे दोन्ही ऐकायचे असतील तर निवडीचे निकष बदलतात. जाहिरातीत ठळक छापलेले वॅटचे आकडे तेव्हा फारसे कामाचे राहत नाहीत. आज माफक किमतीच्या ॲम्प्लिफायरमध्येही ताकद पुरेशी असते. कस लागतो तो अगदी थोड्या संकेतावर शांत आणि अचूक राहण्याचा.

दोन्हींच्या गरजांमधले अंतर आकड्यांतच पाहावे. १९९७ पासून बाजारात असलेल्या सेनहायझर एचडी ६०० या हेडफोनचा इंपीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, ३०० ओहम आहे आणि १ व्होल्टला तो सुमारे ९७ डेसिबल आवाज देतो. वाद्यवृंदातला ११० डेसिबलचा क्षणिक कळस त्यावर नीट उमटायचा तर साधारण ४.५ व्होल्ट, म्हणजे ६७ मिलिवॅट लागतात. शुअर एसई८४६ हा आयईएम अवघ्या ९ ओहमचा असून १ मिलिवॅटला ११४ डेसिबल देतो. तोच कळस तो ०.०६ व्होल्टमध्ये गाठतो. फरक जवळपास ७५ पटींचा, सुमारे ३७ डेसिबलचा. इंपीडन्स जास्त म्हणजे हेडफोन चालवायला जड, हा समज मात्र अपुरा आहे. हायफायमॅनचा एचई-६ हा प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन ५० ओहमचाच, पण १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल इतकाच आवाज देणारा. त्याला त्याच पातळीसाठी ४५० मिलिवॅटच्या आसपास लागतात. म्हणून संवेदनशीलता (ठरावीक संकेतावर मिळणारा आवाज) आणि इंपीडन्स एकत्र वाचावेत, आणि संवेदनशीलतेचा आकडा मिलिवॅटला दिला आहे की व्होल्टला, हे आधी पाहावे. दोहोंची सरमिसळ झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आयईएम वापरणाऱ्याला पहिला त्रास होतो तो गाणे थांबल्यावरही ऐकू येणाऱ्या 'सूं' आवाजाचा. हा ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज. आउटपुटला ५ मायक्रोव्होल्ट नॉइज असेल तर एचडी ६०० वर तो श्रवणमर्यादेच्या बराच खाली राहतो. एसई८४६ वर मात्र तेवढाच नॉइज २८ डेसिबलच्या घरात जातो, आणि आयईएमने कान बंद केलेले असल्याने तो लपायला बाहेरचा गोंगाटही उरत नाही. १ मायक्रोव्होल्टवर हीच पातळी १४-१५ डेसिबलवर येते. माहितीपत्रकातला सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तराचा, म्हणजे संकेत नॉइजहून किती मोठा आहे हे सांगणारा आकडा इथे हमखास फसवतो, कारण तो बहुधा कमाल आउटपुटला मोजलेला असतो. ८ व्होल्टला १२० डेसिबल म्हणजे ८ मायक्रोव्होल्ट नॉइज, ०.३ व्होल्टला ११० डेसिबल म्हणजे १ मायक्रोव्होल्टहूनही कमी. कागदावर मागे दिसणारा हा दुसरा ॲम्प्लिफायर आयईएमवर कितीतरी शांत असतो. त्यामुळे मायक्रोव्होल्टमधला आकडा मागावा, तो नसेल तर गुणोत्तर किती व्होल्टला मोजले आहे ते शोधावे.

दुसरा निकष आउटपुट इंपीडन्सचा, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या इंपीडन्सचा. आयईएममध्ये अनेकदा बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचे दोन-चार किंवा अधिक ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे घटक) क्रॉसओव्हरने, म्हणजे वारंवारता वाटून देणाऱ्या परिपथाने, जोडलेले असतात, आणि त्यामुळे वारंवारतेनुसार त्यांचा इंपीडन्स खाली-वर होतो. समजा एखादा आयईएम एका जागी ८ आणि दुसऱ्या जागी ४० ओहमचा आहे. १० ओहमच्या ॲम्प्लिफायरवर या दोन जागांमधला समतोल ५ डेसिबलने ढळतो. खर्ज, मध्य आणि तार यांचे नातेच बदलते. १ ओहमवर हा फरक ०.८ डेसिबल उरतो, आणि ०.१ ओहमवर तो फक्त मोजमापात दिसतो, ऐकू येत नाही. हेडफोनचा इंपीडन्स ॲम्प्लिफायरच्या आउटपुट इंपीडन्सच्या किमान आठपट असावा, हा रूढ नियम यातूनच आला आहे. प्लेनर हेडफोनचा इंपीडन्स जवळपास सपाट असल्याने त्यांना याची झळ लागत नाही. आयईएमसाठी १ ओहमच्या आतला ॲम्प्लिफायर घ्यावा. याबाबत तडजोड करू नये.

जुन्या उपकरणांत ही काळजी दिसत नाही. आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या १९९६ च्या आवृत्तीत हेडफोन आउटपुटसाठी १२० ओहम धरले होते. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने ऑब्जेक्टिव्ह-२ या ॲम्प्लिफायरचा आराखडा खुला केला. त्याचा आउटपुट इंपीडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास होता. स्वस्त, मोजमापांवर उभा असलेला शांत ॲम्प्लिफायर घरी बनवता येतो, हे त्याने दाखवून दिले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले व्हॅक्यूम ट्यूबचे ॲम्प्लिफायर अजूनही वरच्या इंपीडन्सचेच असतात. बॉटलहेड क्रॅक हा किट स्वरूपातला ॲम्प्लिफायर १२० ओहमच्या आसपास आहे. ३०० किंवा ६०० ओहमच्या हेडफोनवर ते फार सुंदर वाजतात, पण आयईएम त्यांना जोडू नये.

गेन (ॲम्प्लिफायर संकेत किती पटींनी वाढवतो ते) आणि व्हॉल्यूम नॉब यांचा विचार एकत्र करावा. साध्या पोटेन्शिओमीटरमध्ये, म्हणजे फिरवून रोध बदलणाऱ्या घटकामध्ये, नॉबच्या अगदी सुरुवातीच्या पट्ट्यात डावे-उजवे चॅनेल सारखे नसतात. गेन जास्त असेल तर आयईएमचा सगळा ऐकण्याजोगा आवाज त्याच पट्ट्यात येतो : गायक एका कानाकडे सरकतो आणि नॉब केसभर फिरवला तरी आवाज एकदम चढतो. यावर उपाय म्हणजे शून्य डेसिबलचा किंवा त्याहून खालचा, ऋण गेन असलेला ॲम्प्लिफायर, किंवा रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि रोधकांच्या पायऱ्यांनी चालणारे व्हॉल्यूम. आधीच घेतलेला ॲम्प्लिफायर बदलायचा नसेल तर आयईएमच्या तारेत बसणारा, संकेत कमी करणारा ॲटेन्युएटर चालतो. आयफायचा आयईमॅच १२ किंवा २४ डेसिबल आवाज उतरवतो आणि त्यासोबत ॲम्प्लिफायरचा नॉइजही तेवढाच खाली येतो. डिजिटल व्हॉल्यूम कमी करून मात्र ॲम्प्लिफायरचा स्वतःचा 'सूं' जात नाही.

४.४ मिमी किंवा चार पिनच्या एक्सएलआर जॅकवरच्या बॅलन्स्ड आउटपुटचे आकर्षण मोठे आहे. खऱ्या बॅलन्स्ड रचनेत, म्हणजे प्रत्येक चॅनेल दोन उलट संकेतांनी चालवला जातो तेव्हा, व्होल्टेज दुप्पट मिळते, पण आउटपुट इंपीडन्सही दुप्पट होतो आणि नॉइज वाढतो. एचई-६ सारख्या हेडफोनला त्याचा लाभ आहे. आयईएमसाठी ६.३५ किंवा ३.५ मिमीचा साधा जॅकच बहुतेक वेळा बरा.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करणे कानांना महागात पडते. एचडी ६०० ऐकून झाल्यावर हाय गेन आणि अर्ध्यावरचा नॉब तसाच ठेवून आयईएम जोडला, तर पहिल्याच स्वराला कानाला इजा होऊ शकते. जॅक बदलण्याआधी नॉब शून्यावर आणावा, आणि ॲम्प्लिफायर सुरू किंवा बंद करताना आयईएम कानात ठेवू नये. आउटपुटला संरक्षक रिले नसेल तर तेव्हा मोठा ठोका येतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ॲम्प्लिफायर मागवणाऱ्यांनी अडॅप्टर जरूर पाहावा. यातल्या अनेक उपकरणांना एसी आउटपुटचा, आत साधा ट्रान्सफॉर्मर असलेला अडॅप्टर येतो. तो १२० व्होल्टचा असेल तर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर जळतो. नुसती पिन बदलून भागत नाही. मागवतानाच २३० व्होल्टचा अडॅप्टर निवडावा.