'मीम'वर थांबलं नाही तर पाप लागतं का?

सांगली-मिरजेच्या मोहल्ल्यांत मुलांना अजूनही दम भरला जातो: कुराण पढताना 'मीम'वर (ओळीवरचं छोटं अक्षर, 'इथे थांबा' सांगणारी खूण) थांबला नाहीस तर गुनाह, आणि 'ला'वर ('इथे थांबू नका'ची खूण) थांबलास तरीही गुनाह. पोरं मग घाबरूनच पढतात.

असं काही नाही. ही चिन्हं आयतींचा (कुराणातल्या वचनांचा) भाग नाहीत. अर्थ बिघडू नये म्हणून ती बाराव्या शतकात सजावंदी या विद्वानांनी ठरवली. कुराणपठणाचे विद्वान इब्न अल-जज़री (निधन १४२९) स्पष्ट सांगतात, की कोणताही थांबा मुळात वाजिब (बंधनकारक) नाही की हराम (निषिद्ध) नाही, त्याला काही कारण असल्याशिवाय. म्हणजे मुद्दाम अर्थ फिरवला तर गोष्ट वेगळी. दम संपला, तर त्यात कसला गुनाह?

तरी 'मीम' हलक्यात घेऊ नका. सूरह यासीनची ७६वी आयत बघा. 'फला यह्ज़ुन्क कौलुहुम', म्हणजे पैगंबरांना सांगितलंय, त्यांच्या (विरोधकांच्या) बोलण्याने दुःखी होऊ नका. इथे 'मीम' आहे. पुढे अल्लाह म्हणतो, 'इन्ना नअलमु', आम्हाला सारं ठाऊक आहे. न थांबता जोडलं तर हे दुसरं वाक्यही त्या विरोधकांचंच वाटतं!

मध्येच श्वास तुटला तर शेवटच्या अक्षराचा स्वर गाळून थांबायचं ('आलमीना' नव्हे, 'आलमीन'), आणि अर्थ जुळेल असे एक-दोन शब्द मागे जाऊन पुन्हा सुरू करायचं.