नासर्डीला मिळणारे डांबरी ओढे

गोदावरीला, म्हणजे नाशिककरांच्या गंगेला, पूर आला की सगळ्यांची नजर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे वळते आणि पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की छातीला, यावरून पुराचे मोजमाप सांगितले जाते. सातपूर, उंटवाडी, मुंबई नाका या पट्ट्याचे पाणी वाहून नेणारी नासर्डी मात्र गोदावरीला मिळते ती रामकुंडाच्या बरीच खाली, टाकळीजवळ. त्यामुळे तिचा पूर मारुतीला कळतच नाही. दोन्ही पुरांचा स्वभावही वेगळा आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवायचा असेल तर आधी इशारा देता येतो. नासर्डीच्या वर असे मोठे धरण नाही. तासाभराच्या जोरदार सरीने ती फुगते आणि पाऊस थांबला की तितक्याच लवकर ओसरते.

या घाईचे कारण कॉलनीच्या रस्त्यात सापडते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. त्या हिशेबाने 9 मीटर रुंद आणि 200 मीटर लांब रस्त्यावर तासाभरात 40 मिलिमीटर पाऊस झाला, तर 72,000 लिटर, म्हणजे दहा हजारी सात टँकरांहून अधिक पाणी केवळ त्या एका रस्त्यावर पडते. त्यात दोन्ही बाजूंच्या गच्च्या आणि पेव्हर ब्लॉक बसवलेल्या पार्किंगचे पाणी वेगळेच. द्राक्षबागेच्या किंवा पडीक माळाच्या जमिनीत यातला बराच भाग मुरला असता. डांबर आणि काँक्रीटवरून तो जवळजवळ सगळाच वाहतो आणि गुळगुळीत पृष्ठभागामुळे वेगानेही वाहतो. म्हणून सगळीकडचे पाणी एकाच वेळी नाल्यावर येऊन धडकते.

अर्थात जमीनही दर वेळी सारखी वागत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, त्यामुळे जूनच्या पहिल्या सरी ती घटाघट पिते. पुढे ओलीने फुगून भेगा मिटल्या की तीच माती पाणी अडवू लागते. तिच्याखालचा मुरूम पाणी जिरवतो, पण त्याखालचा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा घट्ट काळा पाषाण फटी असतील तिथेच पाण्याला वाट देतो. तेव्हा सगळा दोष डांबराच्या माथी मारणेही बरोबर नाही.

जुन्या बंगल्यांच्या वसाहतीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकत गेल्याने रस्ता दर खेपेस काही सेंटिमीटर उंचावतो. फाटकाशी पूर्वी एक पायरी चढावी लागे, तिथे आता एक पायरी उतरावी लागते; पावसाळी गटाराच्या चेंबरची जाळी खड्ड्यात जाते, तिच्यावर पाने आणि प्लॅस्टिक साचते आणि पाणी फाटकातून थेट अंगणात शिरते.

नदीकाठी घर घेणाऱ्याने पूररेषांचा अर्थ नीट समजून घ्यावा. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. यावरून ‘आत्ताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निर्धास्त’ असा समज होतो, तो चुकीचा आहे. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी 4 टक्के धरली, तर 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ते निदान एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 56 टक्के भरते. लाल रेषेसाठी हाच आकडा 18 टक्के येतो.

ओढा झाकून टाकला तरी त्याचा उतार तसाच राहतो. जुन्या नाशकात सरस्वती नाल्यावर बांधकामे आणि रस्ते आले. दहीपूल या नावात पूल तेवढा उरला, खालचा प्रवाह दिसेनासा झाला. जोराचा पाऊस झाला की तो सराफ बाजारातल्या दुकानांच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहतो.