अमावस्येला जळालेला ट्वीटर

सांगलीतल्या माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात जुनी गाडी घेतली आणि आठवड्याभरात तिचे कंपनीचे ट्वीटर, म्हणजे बारीक, उंच स्वरांचे छोटे स्पीकर, काढून बाजारातले नवे बसवून घेतले. मिरजेला जाऊन येईपर्यंत उजवा बंद पडला, दुसऱ्या दिवशी डावाही. "तरी सांगत होते, अमावस्येला गाडीला हात लावू नका," ताई म्हणाली. भाच्याची अडचण वेगळी होती. "मामा, खोक्यावर ५०० वॅट लिहिलंय. मग आपल्या एवढ्याशा स्टिरिओने तो जळेलच कसा?"

काढलेला जुना ट्वीटर डिकीत पडला होता. तो उलटा करून पाहिला. मागे करंगळीच्या पेराएवढी एक नळकांडी गोंदाने चिकटवलेली, तिचा एक पाय कपलरच्या, म्हणजे तारा जोडायच्या प्लगच्या, पिनेला झाळलेला, अंगावर १० मायक्रोफॅरड असं छापलेलं. हा कपॅसिटर. दुकानात कपलर कापून गाडीच्या तारा थेट नव्या ट्वीटरला पिळल्या होत्या आणि वर टेप गुंडाळली होती. नव्या ट्वीटरच्या तारेत त्याचा स्वतःचा कपॅसिटर होता, पण कंपनीच्या खाचेत तो मावेना म्हणून तोही कापून टाकलेला. बऱ्याच गाड्यांमध्ये दारातल्या मोठ्या स्पीकरला आणि ट्वीटरला स्टिरिओकडून एकच जोडी तारा येते. म्हणजे ढोलकीपासून झांजेपर्यंत सगळा आवाज ट्वीटरच्या त्या बिचाऱ्या इंचभर डोममध्ये, म्हणजे घुमटाकार पडद्यात, घुसत होता.

यात बिघडलं काय, हे कळायला स्पीकर आवाज कसा काढतो ते नीट पाहावं लागतं, आणि माझ्या मते ध्वनिशास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. हात हवेत सावकाश पुढेमागे करा. हवा बोटांच्या कडेने निसटते, आवाज काही येत नाही. पडदा किती अंतर हलला यावर आवाज ठरत नाही, तर तो किती त्वरणाने हलला, म्हणजे त्याचा वेग किती झपाट्याने बदलला, यावर ठरतो. आणि हालचाल तेवढीच असेल, तर त्वरण वाढतं वारंवारतेच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या, म्हणजे हर्ट्झच्या) वर्गाच्या प्रमाणात. म्हणून तेवढाच मोठा आवाज हवा असेल आणि वारंवारता निम्मी झाली, तर पडद्याला चौपट हलावं लागतं.

आता आकडे घालू. २५ मिलिमीटर व्यासाचा डोम ४००० हर्ट्झला मध्यापासून एक शतांश मिलिमीटर हलला, तरी मीटरभर अंतरावर साधारण ८५ डेसिबल आवाज मिळतो. चांगला खणखणीत. तोच आवाज त्याच डोममधून १०० हर्ट्झला हवा असेल, तर वारंवारता चाळिसाव्या हिश्श्यावर आली, म्हणजे हालचाल ४० गुणिले ४०, १६०० पट हवी: १६ मिलिमीटर! डोमला इकडेतिकडे जागा असते जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो तेवढा हलूच शकत नाही, पण वीज मात्र येतच राहते. स्पीकरला दिलेल्या विजेतल्या एखाद्या टक्क्याचाच आवाज होतो, बाकीची पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, कॉइलमध्ये, उष्णता होते. गाण्यातली बहुतेक ऊर्जा खालच्या स्वरांत असते, आणि ट्वीटरची कॉइल केसाएवढ्या बारीक तारेची.

कपॅसिटर नेमका हाच लोंढा अडवतो. त्यात धातूच्या दोन पापुद्र्यांमध्ये वीज न वाहू देणारा थर असतो. सावकाश बदलणारा प्रवाह आला की पापुद्रे भारित होऊन त्यालाच विरोध करतात; भराभर दिशा बदलणारा प्रवाह ते भरायच्या आत उलटलेला असतो, म्हणून तो सहज जातो. १० मायक्रोफॅरडचा विरोध ४००० हर्ट्झला सुमारे ४ ओहम, म्हणजे ट्वीटरइतकाच. १०० हर्ट्झला तो सुमारे १६० ओहम होतो. ट्वीटरच्या वाट्याला व्होल्टेज चाळिसावा हिस्सा येतं आणि शक्ती १६००वा हिस्सा. इथे दिशा सतत पालटणारा प्रवाह आहे, म्हणून कपॅसिटर नॉन-पोलर, म्हणजे अधिक-उणे अशी ठरावीक टोकं नसलेला, हवा, हे दुकानदाराला मुद्दाम सांगावं. ट्वीटर ८ ओहमचा असेल तर हाच कपॅसिटर २००० हर्ट्झपासूनच सोडू लागतो; मग तो निम्म्या किमतीचा, ५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा घ्यावा. किमतीचा म्हणजे रुपयांत नव्हे, मायक्रोफॅरडमध्ये.

खोक्यावरच्या ५०० वॅटबद्दल. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर स्टिरिओला गाडीचे १४.४ व्होल्टच मिळतात. ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून कागदावरही २६ वॅटच्या वर मिळत नाहीत. तेवढ्यात हा '५०० वॅटचा' ट्वीटर जळाला, यावरून त्या आकड्याची किंमत कळते. आणि तिथीचा या जळण्याशी काडीचाही संबंध नाही. पौर्णिमेला बसवला असता तरी हेच झालं असतं. ताईला मी कापलेली तार हातात देऊन दाखवली.

एक सावधगिरी. काचेशेजारच्या खांबात पडदा एअरबॅग (धडकेत फुगून बाजूच्या काचेवर पसरणारी) असेल तर तिथे भोक पाडू नये, कंपनीच्या जागेतच बसेल असा ट्वीटर घ्यावा.

दोन कपॅसिटर भडंगाच्या पुडीच्या किमतीत मिळाले. ट्वीटरची दुसरी जोडी आणून, झाळकाम करून आम्ही तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण लावलं. मिरजेचा तंबोरा, २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सूत सरकवून जवारी (तो झणझणता गुंजार) काढली की तारेतून उपस्वरांचं, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटींतल्या स्वरांचं, मोहोळ उठतं. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी याच घोडीचा अभ्यास केला होता. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असतो, ते नेहमीच्या नियमानुसार उमटायला नकोत. तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, असं त्यांना आढळलं. काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, लावलेल्या जोडीच्या तारेचा तिसावा उपस्वर ४००० हर्ट्झच्या पुढे जातो. ट्वीटरची जोडणी सोडली तेव्हा तंबोरा गुडघ्यापाशी, दारातल्या स्पीकरमधून, नुसता घुमत होता. ट्वीटर जोडला आणि ती झणझण डॅशबोर्डवर, काचेच्या उंचीला आली.

फक्त ती उजवीकडे कललेली वाटत होती. चालकापासून उजवा ट्वीटर ७० सेंटीमीटरवर, डावा १३० वर. डावीकडचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि कान आधी आलेल्या बाजूला कौल देतात. भाच्याने बॅलन्स दोन घरं डावीकडे सरकवला. त्याने जोर बदलतो, उशीर नाही.