खताची डीबीटी आणि पीएम किसानची डीबीटी

शेतीच्या अनुदानाविषयी बोलताना ‘डीबीटी’, म्हणजे थेट लाभ हस्तांतरण, हा शब्द दोन अगदी निराळ्या व्यवहारांसाठी सर्रास वापरला जातो. पीएम किसानचा हप्ता डीबीटीने येतो आणि खताचे अनुदानही डीबीटीनेच दिले जाते. दोन्हीकडे आधारचा संबंध येत असल्याने दोन्ही रकमा शेतकऱ्याच्याच खात्यात जातात, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात खताचे अनुदान कंपनीच्या खात्यात जमा होते.

पीएम किसानचा हिशेब सरळ आहे. वर्षाला 6,000 रुपये, 2,000 रुपयांच्या तीन हप्त्यांत, जमीनधारक शेतकरी कुटुंबाच्या बँक खात्यात येतात. योजनेच्या पोर्टलवर राज्य, जिल्हा, तालुका असे करत गावापर्यंत गेले की लाभार्थ्यांची नावे वाचता येतात.

खताच्या दुकानातला प्रकार वेगळा आहे. 45 किलोची युरियाची गोणी घेणारा शेतकरी पॉस मशीनवर अंगठा ठेवतो, 266 रुपये 50 पैसे मोजतो आणि पावती घेऊन निघतो. त्या अंगठ्यामुळे विक्रीची नोंद होते आणि त्या नोंदीच्या आधारे खत उत्पादक किंवा आयातदार कंपनी सरकारकडे अनुदानाचा दावा करते. पूर्वी खत जिल्ह्यात पोहोचले की कंपनीला रक्कम मिळू लागे. 2018 पासून देशभर ती शेतकऱ्याला विक्री झाल्यानंतर दिली जाते. या सुधारणेचे मोल कमी नाही, पण तिला ‘थेट लाभ’ म्हणणे मला तरी दिशाभूल करणारे वाटते. शेतकऱ्याला मिळते ती किमतीतली सवलत. मात्र ती नावावर सातबारा नसलेल्या बटाईदारालाही मिळते, आणि पीएम किसानचा हप्ता त्याला मिळत नाही.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम 4 नुसार अनुदान योजनांसाठी दिलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील सरकारी कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायचा असतो. परंतु लाभार्थी कोणाला म्हणायचे, यावर त्या तपशिलाचा अर्थ ठरतो. 2024-25 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पीएम किसानसाठी 60,000 कोटी रुपये, तर खत अनुदानासाठी सुमारे 1,64,000 कोटी रुपये ठेवले होते. म्हणजे वर्षाला 6,000 रुपये घेणाऱ्याचे नाव सगळ्या गावाला वाचता येते, आणि त्याहून कितीतरी मोठ्या रकमेत कोणत्या कंपनीचा वाटा किती, हे पाहायला शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल चाळावे लागतात.

म्हणून खताबाबत माहिती मागताना ‘आमच्या तालुक्यातील लाभार्थी शेतकऱ्यांची यादी द्या’ असा अर्ज केल्यास फार तर खरेदीदारांचा तपशील हाती येईल. पैसा कोणाला गेला हे हवे असेल, तर केंद्राच्या खत विभागाकडे कंपनीनिहाय आणि वर्षनिहाय मंजूर दाव्यांची रक्कम मागावी.