सडा

जांभ्या खडकाचे सपाट, जवळजवळ मातीविना पठार म्हणजे सडा. कोकणात रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण या भागांत सडे समुद्रापासून जवळ आणि कमी उंचीवर आहेत. घाटमाथ्यावर कास, पाचगणी, मसाई, आंबोली येथे तीच रचना साधारण ७०० ते १३०० मीटर उंचीवर आढळते. मूळच्या बेसाल्टमधली सिलिका पावसाने लाखो वर्षे धुऊन नेली, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली, त्यातून जांभा झाला. सरकारी वर्गीकरणात सड्याची गणना बहुधा पडीक जमिनीत होते. एप्रिलमध्ये पाहिले तर तो शेरा पटतो, ऑगस्टमध्ये मात्र अजिबात पटत नाही.

मातीचा थर अनेक ठिकाणी बोटभरच असतो आणि त्यात नायट्रोजन, फॉस्फरस अगदी कमी. म्हणूनच येथे कीटकभक्षी वनस्पतींचे फावते. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब उन्हात चमकतात. त्याला भुलून बसलेले चिलट केसांत अडकते आणि पान त्याला हळूहळू पचवते. सीतेची आसवे या जांभळ्या फुलांच्या ताटव्याचे फोटो सगळेच काढतात, पण तिचा खरा कारभार ओल्या मातीत चालतो. तिला खरी मुळे नसतात, असतात त्या सूक्ष्म पिशव्या. झाकणाजवळच्या केसाला एखाद्या जलजीवाचा धक्का लागला, की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते. हे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास घडते. वनस्पतींच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक!

पावसाळ्यानंतरचे उरलेले आठ महिने काढायच्या तऱ्हा निराळ्या. १९८२ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला वायतुरा जमिनीतल्या कंदाच्या रूपाने उन्हाळा काढतो, आणि पावसात इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुहेरी गुलाबी तुरा वर काढतो. त्याची नर व मादी फुले वेगळ्या झाडांवर येतात. काही गवते आणि नेचे तर पूर्ण सुकून कोळपतात आणि पाणी मिळताच त्याच पानांनी पुन्हा हिरवे होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२३ मध्ये उत्तर पश्चिम घाटातून अशा ६२ जातींची नोंद केली. डबक्यांतल्या परी-कोळंबी या चिमुकल्या जलजीवाची अंडी कोरड्या गाळात पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहतात.

कुशीवर वाघासारखे पट्टे असलेला आंबोलीचा टोड (झँथोफ्रायनी टायगरिना, वर्णन २००९) कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. मध्येच पावसाने दडी मारली तर डबके आटते आणि सगळी वीण वाया जाते. टिटवीला पाण्याची ही काळजी नाही. तिची ठिपकेदार अंडी उघड्यावर असूनही दगडांत दिसत नाहीत. फुरसेही तितकेच बेमालूम मिसळते, तेव्हा सड्यावर हात कुठे टेकतो ते पाहावे.

कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पांत हत्ती आणि एकशिंगी गेंडाही कोरलेला आहे. गेंडा आज तेथे आढळत नाही.

कोकणात हापूसच्या बागांसाठी कातळ सुरुंगाने फोडून खड्ड्यांत बाहेरची माती भरतात. सड्याची वनस्पतीसृष्टी त्या मातीत टिकत नाही. कासचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पुढे गर्दी आवरण्यासाठी पठाराला लोखंडी कुंपणही घातले गेले. त्यामुळे गुरांची चराई थांबली आणि उंच गवताने लहान फुलझाडांना झाकले, असा आक्षेप आला. कुंपण नंतर काढण्यात आले.