काहिलीतला रस आणि युरेनियमचा हिशेब

गुऱ्हाळावर शंभर किलो रस काहिलीत चढवला तर त्यात साखरेचा अंश साधारण १८ किलो, बाकी पाणीच. काकवी होईपर्यंत चुलवाणात चिपाडं ढकलत राहावं लागतं, कारण तोवर ७४-७५ किलो पाणी उडवायचं असतं. काकवीपासून गुळापर्यंत जेमतेम पाच-सहा किलो. काकवी झाली म्हणजे बहुतेक जळण जळून गेलेलं असतं.

युरेनियमचंही असंच आहे. खाणीतून आलेल्या १,००० अणूंत विखंडन होणारे, म्हणजे फुटून ऊर्जा देणारे यू-२३५ जातीचे फक्त ७. बहुतेक अणुभट्ट्यांना हे प्रमाण ३ ते ५ टक्के लागतं. यू-२३५ अजिबात वाया जात नाही असं धरलं, तर ४ टक्के गाठायला ८२५ अणू बाजूला काढावे लागतात. २० टक्क्यांसाठी आणखी १४०. तिथून बॉम्बच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत फक्त २७. वीजनिर्मितीसाठी उभारलेली सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून जड-हलके अणू वेगळे करणारी यंत्रं वेगळ्या जोडणीने पुढचं कामही करू शकतात. म्हणून अणुभट्टी विकायला देश तयार होतात, यू-२३५ चं प्रमाण वाढवण्याचं, म्हणजे समृद्धीकरणाचं तंत्र मात्र कोणी सहजी देत नाही. इंधन अडलं तर देशांची सोय व्हावी म्हणून कझाकस्तानात ९० टन कमी समृद्ध युरेनियमचा आंतरराष्ट्रीय साठा आहे. तो २०१९ मध्ये भरला.

अणुइंधनाच्या देवाणघेवाणीवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ पासून व्हिएन्नात आहे. तिचं मूळ काम हिशेबनिसाचं. साखर कारखान्यात काट्यावर आलेला ऊस आणि बाहेर पडलेली साखर, मळी, बगॅस, प्रेसमड यांचा मेळ घातला की थोडी साखर कुठेच सापडत नाही. अणुइंधनातही अशी घट राहते. प्रश्न एवढाच, की ती मोजमापातली चूक आहे की चोरी? संस्थेची मोजपट्टी ठरलेली आहे: ८ किलो प्लुटोनियम (अणुभट्टीत युरेनियमपासून तयार होणारं, तेही बॉम्बला चालतं), किंवा अतिसमृद्ध युरेनियममधलं २५ किलो यू-२३५. एवढ्यात एक बॉम्ब होऊ शकतो असं धरलं जातं.

अणुभट्टीत हे सोपं जातं. इंधनाच्या जुडग्यांवर क्रमांक असतात, ती मोजता येतात. कॅमेरे आणि सील लावता येतात. वापरलेलं इंधन तळ्यात निळसर चमकतं, आणि निरीक्षक त्या प्रकाशाच्या उपकरणातून जुडगं खरं की नकली ते पाहतात. पाणी गढूळ असेल किंवा इंधन फार जुनं असेल तर चमक फिकी पडते आणि दुसऱ्या मार्गाने मोजावं लागतं. कॅमेरा बंद पडला तर त्या काळातली साखळी तुटते, साठा पुन्हा तपासावा लागतो.

खरी अडचण पुनर्प्रक्रियेत, म्हणजे वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढण्यात आहे. तिथे इंधन आम्लात विरघळवलं जातं, मोजायला सुट्टी जुडगी उरत नाहीत. वर्षाला ८०० टन वापरलेलं इंधन हाताळणाऱ्या प्रकल्पात सुमारे ८ टन प्लुटोनियम असतं. मोजमापात एक टक्का चूक झाली तरी ८० किलो, म्हणजे दहा बॉम्बचा माल. माझ्या मते, जगाने सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी ती इथे.

हिशेबावरचा विश्वास उडाला की काय होतं ते तारापूरच्या अणुवीज केंद्राने सोसलंय. अमेरिकेशी १९६३ मध्ये करार झाला, १९६९ मध्ये वीज आली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा कडक केला, इंधन अडलं. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठा हाती घेतला. २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला अणुव्यापाराची सवलत दिली; त्याआधी भारताने २२ पैकी १४ अणुभट्ट्या नागरी ठरवून तपासणीखाली आणायचं मान्य केलं होतं.

कोल्हापूरहून अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर तालुका, आणि त्यातच जैतापूर. तिथे फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे, एकूण १०,३८० मेगावॉट. अशा एका भट्टीच्या गाभ्यात इंधनाची २४१ जुडगी बसतात. ती उभी राहिली तर प्रत्येक जुडग्याची नोंद आपल्याकडे होईल, तशी व्हिएन्नातही.