कॅथलिक चर्च आणि समलिंगी श्रद्धावान

रोमन कॅथलिक चर्चमधील समलिंगी स्त्री-पुरुषांचे स्थान, त्यांच्याविषयीची चर्चची अधिकृत शिकवण आणि प्रत्यक्ष धर्मग्रामांत (स्थानिक चर्चच्या समाजांत, म्हणजे पॅरिशमध्ये) त्यांना मिळणारी वागणूक यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेल्या स्थित्यंतराचा विचार या नोंदीत केला आहे. समलिंगी शरीरसंबंध नैतिकदृष्ट्या अग्राह्य आहेत, ही शिकवण चर्चने आजवर मागे घेतलेली नाही. बदल झाला तो माणसाकडे पाहण्याच्या दृष्टीत, अधिकाऱ्यांच्या बोलण्याच्या सुरात आणि धर्मगुरूंच्या प्रत्यक्ष वागण्यात. हा बदल पोपच्या आज्ञेने वरून खाली आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक त्याची सुरुवात प्रापंचिक (धर्मगुरू वा व्रतस्थ नसलेल्या) श्रद्धावानांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि काही थोड्या धर्मगुरू व धर्मभगिनींनी केली आणि त्यांतील अनेकांना त्याची किंमत मोजावी लागली.

चर्चची पारंपरिक भूमिका बायबलमधील काही उताऱ्यांवर, विशेषतः लेवीय आणि रोमकरांस पत्र यांतील वचनांवर, तसेच निसर्गनियमाच्या तत्त्वज्ञानावर उभी आहे. कामसंबंधाचे प्रयोजन प्रजोत्पादन हे असून त्या प्रयोजनाला पारखा झालेला संबंध निसर्गनियमाच्या विरुद्ध ठरतो, अशी मांडणी तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने केली. त्याआधी अकराव्या शतकात पीटर डेमियन याने धर्मगुरूंमधील अशा संबंधांवर कठोर टीका करणारा ग्रंथ पोप नववा लिओ याला सादर केला होता, आणि 1179 मधील तिसऱ्या लॅटरन परिषदेने (रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या महासभेने) अशा धर्मगुरूंना पदच्युत करण्याची वा मठात प्रायश्चित्तासाठी पाठविण्याची, तर प्रापंचिकांना बहिष्कृत करण्याची तरतूद केली. या सर्व काळात निषेध होता तो कृत्याचा. समलिंगी आकर्षण हा एखाद्या व्यक्तीच्या घडणीचा स्थायी भाग असू शकतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकापूर्वी रूढच नव्हती. ती रूढ झाल्यावर चर्चपुढे नवाच प्रश्न उभा राहिला : ज्याने ही घडण निवडलेली नाही, त्या श्रद्धावानाला काय सांगायचे?

1969 मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे पॅट्रिक निडॉर्फ या ऑगस्टिनियन धर्मगुरूने समलिंगी कॅथलिकांचा एक लहान गट जमविला. त्यातूनच पुढे ‘डिग्निटी’ ही संघटना आकारास आली. 1975 च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत परिषदेने (चर्चच्या शिकवणीवर देखरेख ठेवणाऱ्या विभागाने) लैंगिक नीतीविषयक घोषणापत्र काढले. त्यात तात्पुरती समलिंगी प्रवृत्ती आणि उपजत, न बदलणारी प्रवृत्ती असा भेद प्रथमच स्पष्टपणे मान्य करण्यात आला आणि अशा व्यक्तींना समजुतीने वागवावे असेही सांगितले गेले. मात्र समलिंगी कृत्ये स्वरूपतःच सदोष असून कोणत्याही परिस्थितीत संमत होऊ शकत नाहीत, हा निर्णय कायम राहिला. पुढच्याच वर्षी जॉन मॅकनील या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूने, आपल्या वरिष्ठांच्या अनुमतीने, प्रेमपूर्ण समलिंगी नात्याचे नैतिक समर्थन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. 1977 मध्ये रोमने त्यांना या विषयावर मौन पाळण्याचा आदेश दिला. मॅकनील यांनी ते सुमारे नऊ वर्षे पाळले, नंतर मोडले आणि 1987 मध्ये त्यांना येशूसंघातून काढून टाकण्यात आले.

मॅकनील यांनी मौन मोडले त्याला कारण ठरले 1 ऑक्टोबर 1986 चे, कार्डिनल योझेफ रात्झिंगर (पुढे पोप सोळावा बेनेडिक्ट) यांच्या सहीने जगभरच्या बिशपांना गेलेले पत्र. 1975 च्या घोषणापत्राचा लोकांनी फारच उदार अर्थ लावला, अशी या पत्राची तक्रार होती. समलिंगी प्रवृत्ती हे स्वतः पाप नसले, तरी ती नैतिक दुष्कृत्याकडे नेणारी असल्यामुळे ती प्रवृत्तीच वस्तुनिष्ठ दृष्ट्या सदोष, म्हणजे योग्य क्रमातून ढळलेली, मानली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. त्याच पत्रात समलिंगी व्यक्तींवरील हिंसेचा आणि द्वेषपूर्ण भाषेचा निःसंदिग्ध निषेध आहे. पण लगेच पुढे, ज्या वर्तनावर कोणाचाच हक्क नाही त्याला कायद्याने संरक्षण दिल्यावर हिंसक प्रतिक्रिया वाढल्या तर त्याचे नवल वाटू नये, असाही इशारा आहे. एकाच परिच्छेदात सांत्वन आणि दटावणी एकत्र येण्याचा हा प्रकार त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक दस्तऐवजात आढळतो, आणि चर्चविषयी समलिंगी श्रद्धावानांच्या मनात जी तगमग दिसते तिचे मूळ बरेचसे येथेच आहे. या पत्रानंतर अमेरिकेतील अनेक धर्मप्रांतांत (बिशपांच्या अधिकारक्षेत्रांत) डिग्निटीला चर्चच्या वास्तूंमध्ये मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) साजरी करण्यास मनाई झाली.

तो काळ एड्सच्या साथीचा होता. सैद्धांतिक कठोरपणा वाढत असतानाच कॅथलिक रुग्णालयांत व धर्मग्रामांत मरणोन्मुख तरुणांची शुश्रूषा चालू होती. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाने एड्सच्या रुग्णांसाठी देशातील अगदी सुरुवातीच्या कक्षांपैकी एक उघडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागातील मोस्ट होली रिडीमर धर्मग्रामाच्या जुन्या कॉन्व्हेंटच्या (धर्मभगिनींच्या निवासाच्या) इमारतीत अंतकाळच्या रुग्णांसाठी सेवागृह सुरू झाले. शिकवणीच्या कोणत्याही कलमापेक्षा या खाटांजवळ झालेल्या ओळखींनी अनेक धर्मगुरूंची आणि धर्मभगिनींची दृष्टी बदलली, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षाग्रंथात (चर्चच्या शिकवणीचा अधिकृत संग्रह, कॅटेकिझम) 2357 ते 2359 हे तीन परिच्छेद या विषयावर आहेत आणि आजही चर्चची अधिकृत भूमिका तीच आहे. पहिल्या परिच्छेदात कृत्यांचा निषेध आहे. दुसऱ्यात समलिंगी व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार करावा व त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाचे कोणतेही चिन्ह टाळावे, असे सांगितले आहे. तिसऱ्यात त्यांना शुद्धतेच्या, म्हणजे व्यवहारात आजन्म ब्रह्मचर्याच्या, जीवनाचे आवाहन आहे. मूळ पाठात ‘ही अवस्था त्यांनी निवडलेली नसते’ असे एक वाक्य होते. 1997 च्या सुधारित लॅटिन आवृत्तीत ते गळले आणि तेथे ही प्रवृत्ती वस्तुनिष्ठ दृष्ट्या सदोष असल्याचा उल्लेख आला. त्याच वर्षी अमेरिकन बिशपांच्या समितीने समलिंगी मुलांच्या आईवडिलांसाठी पत्र काढून, मुलाला घराबाहेर काढू नका, ते सदैव तुमचेच मूल आहे, असा सल्ला दिला.

जेनिन ग्रामिक ही धर्मभगिनी आणि रॉबर्ट न्यूजंट हे धर्मगुरू यांची कहाणी या स्थित्यंतराचा सगळा पल्ला दाखवते. दोघांनी 1977 मध्ये समलिंगी कॅथलिकांच्या सेवेसाठी ‘न्यू वेज मिनिस्ट्री’ स्थापन केली. दीर्घ चौकशीनंतर 1999 मध्ये व्हॅटिकनने दोघांनाही या क्षेत्रात काम करण्यास कायमची बंदी घातली. न्यूजंट यांनी आदेश मान्य केला. ग्रामिक यांनी गप्प राहण्यास नकार दिला आणि दुसऱ्या व्रतस्थ संघात प्रवेश करून काम चालू ठेवले. ऑक्टोबर 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना आपल्या निवासस्थानी भेटीला बोलाविले. त्याआधी ग्रामिक यांच्या पन्नास वर्षांच्या सेवेबद्दल अभिनंदनाचे पत्रही फ्रान्सिस यांनी पाठविले होते. 1999 ची बंदी मात्र कोणत्याही औपचारिक निर्णयाने रद्द झाल्याचे जाहीर झाले नाही.

सर्वच समलिंगी कॅथलिक शिकवणीत बदल मागतात असे नाही. ब्रह्मचर्याचा मार्ग श्रद्धेने स्वीकारणाऱ्यांसाठी 1980 मध्ये न्यूयॉर्कचे कार्डिनल टेरेन्स कुक यांच्या पुढाकाराने आणि जॉन हार्वे या धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली ‘करेज’ ही संघटना सुरू झाली. तिच्या सदस्यांना परस्परांच्या सोबतीने व नित्य प्रार्थनेने आधार मिळतो. टीकाकारांचा आक्षेप या मार्गावर नसून, तो प्रत्येकावर एकमेव मार्ग म्हणून लादला जाण्यावर आहे.

2005 च्या नोव्हेंबरात, बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीत, खोलवर रुजलेली समलिंगी प्रवृत्ती असलेल्या पुरुषांना सेमिनरीत (धर्मगुरूंच्या प्रशिक्षणसंस्थेत) प्रवेश देऊ नये, असा निर्देश निघाला. धर्मगुरूंकडून झालेल्या बाललैंगिक अत्याचारांच्या उघडकीस आलेल्या प्रकरणांची पार्श्वभूमी त्याला होती. समलिंगी असणे आणि मुलांवर अत्याचार करणे यांचा असा अध्याहृत संबंध जोडला जाणे हा ब्रह्मचर्य निष्ठेने पाळणाऱ्या अनेक धर्मगुरूंवर मोठा अन्याय होता.

28 जुलै 2013 रोजी रिओ द जानेरोहून रोमला निघालेल्या विमानात पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारांशी बोलताना, जो समलिंगी आहे, देवाला शोधतो आहे आणि ज्याची वृत्ती चांगली आहे, त्याचा न्याय करणारा मी कोण, असा प्रतिप्रश्न केला. उत्तराच्या ओघात त्यांनी धर्मशिक्षाग्रंथाचाच हवाला दिला होता. नवे होते ते ‘गे’ हा शब्द पोपच्या तोंडी सहजपणे येणे आणि दोषारोपाचा अभाव. पुढच्या वर्षीच्या कुटुंबविषयक धर्मसभेत (जगभरच्या बिशपांच्या बैठकीत) हा नवा सूर आणि जुना संकोच यांची उघड टक्कर झाली. सभेच्या मध्यावर प्रसिद्ध झालेल्या अहवालात समलिंगी व्यक्तींपाशी ख्रिस्ती समाजाला देण्याजोगे गुण आणि देणग्या आहेत, असे म्हटले होते. अंतिम मसुद्यापर्यंत ही भाषा पातळ होत गेली आणि उरलेल्या परिच्छेदालाही 118 विरुद्ध 62 मते पडून आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत मिळाले नाही. फ्रान्सिस यांनी तो परिच्छेद मतसंख्येसह प्रसिद्ध करावयास लावला. 2015 मध्ये आयर्लंडमध्ये सार्वमताने सुमारे 62 टक्के मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली, तेव्हा डब्लिनचे आर्चबिशप डायर्मुड मार्टिन यांनी चर्चने वास्तवाचे भान ठेवून स्वतःला तपासावे, असे म्हटले. आपल्याच शाळांत शिकलेल्या पिढीने हा कौल दिला आहे, हे त्यांनी ओळखले होते.

समलिंगी संबंधांना फौजदारी गुन्हा ठरविण्याच्या बाबतीत बदल अधिक ठळक आहे. 2008 मध्ये संयुक्त राष्ट्रांत असे गुन्हे रद्द करण्याचे आवाहन करणाऱ्या निवेदनाला व्हॅटिकनने विरोध केला होता, जरी शिक्षा नकोत असे त्याचे म्हणणे होते. भारतात डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे कलम 377 कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, समलिंगी विवाहाला असलेला विरोध कायम ठेवूनही, समलिंगी व्यक्तींना चर्च गुन्हेगार मानत नाही, असे स्पष्ट केले. जानेवारी 2023 मध्ये फ्रान्सिस यांनी एका मुलाखतीत समलिंगी असणे हा गुन्हा नाही, असे थेट सांगितले. तरीही घानामध्ये कठोर शिक्षांच्या विधेयकाला तेथील बिशपांचा पाठिंबा राहिला आणि त्याच देशाचे कार्डिनल पीटर टर्कसन यांनी मात्र त्याविरुद्ध मत मांडले.

आशीर्वादाचा प्रश्न सर्वांत वादग्रस्त ठरला. मार्च 2021 मध्ये श्रद्धासिद्धांत परिषदेने, देव पापाला आशीर्वाद देत नाही आणि देऊ शकत नाही, असे कारण देऊन समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्यास नकार दिला. त्यावर मे महिन्यात जर्मनीतील अनेक चर्चमध्ये धर्मगुरूंनी उघडपणे असे आशीर्वाद दिले. 18 डिसेंबर 2023 रोजी कार्डिनल व्हिक्टर मॅन्युएल फर्नांडेझ यांच्या नेतृत्वाखालील त्याच विभागाने, पोपच्या संमतीने, अशा जोडप्यांना अनौपचारिक आशीर्वाद देण्याची मुभा देणारे घोषणापत्र काढले. त्यातील मर्यादा बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. आशीर्वादाचा कोणताही विधी ठरवायचा नाही. तो नागरी विवाहसोहळ्याच्या वेळी वा त्याला जोडून द्यायचा नाही. लग्नाला शोभणारे कपडे, हावभाव वा शब्द वापरायचे नाहीत. 4 जानेवारी 2024 च्या स्पष्टीकरणात तर हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा असे सांगून नमुनाही दिला : तीर्थयात्रेत एखादे जोडपे पुढे आले, तर धर्मगुरूने त्यांच्यासाठी आरोग्य, काम, शांती आणि परस्परांची मदत मागावी आणि शुभवर्तमानाशी विसंगत असलेल्या गोष्टींपासून त्यांची सुटका व्हावी अशी प्रार्थना करावी. ज्यांनी वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसून मिस्सा ऐकली, त्यांच्यातील कित्येकांना हे दहा-पंधरा सेकंदही अमोल वाटले. इतरांना त्यातली अटींची जंत्रीच अपमानास्पद वाटली. दोन्ही भावना खऱ्या आहेत.

आफ्रिकेतील प्रतिक्रिया तीव्र होती. 11 जानेवारी 2024 रोजी कार्डिनल फ्रिडोलिन अंबोंगो यांनी आफ्रिकेतील बिशप परिषदांच्या वतीने, तेथील चर्चमध्ये समलिंगी जोडप्यांना असे आशीर्वाद दिले जाणार नाहीत, असे जाहीर केले. हे निवेदन रोमशी विचारविनिमय करूनच काढण्यात आले होते. एकाच चर्चमध्ये एका खंडात ज्याची मुभा आहे ते दुसऱ्या खंडात वर्ज्य, अशी स्थिती अशा रीतीने रोमच्या संमतीनेच निर्माण झाली.

फ्रान्सिस यांच्या स्वतःच्या वागण्यातही विसंगती होत्या. मे 2024 मध्ये बिशपांच्या बंद दाराआडच्या बैठकीत त्यांनी समलिंगी पुरुषांविषयी अवमानकारक इटालियन शब्द वापरल्याचे वृत्त बाहेर आले आणि व्हॅटिकनच्या प्रवक्त्यामार्फत त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. 2005 चा सेमिनरीविषयक निर्देशही त्यांच्या कारकिर्दीत कायमच राहिला.

21 एप्रिल 2025 रोजी फ्रान्सिस यांचे निधन झाल्यावर 8 मे रोजी चौदावे लिओ पोप झाले. 1 सप्टेंबरला त्यांनी समलिंगी कॅथलिकांमध्ये काम करणारे येशूसंघीय धर्मगुरू जेम्स मार्टिन यांची भेट घेतली. त्याच आठवड्यात, पवित्र वर्षानिमित्त, समलिंगी श्रद्धावान व त्यांचे कुटुंबीय यांच्या यात्रेने सेंट पीटर महामंदिराच्या, अशा वर्षीच उघडल्या जाणाऱ्या, पवित्र द्वारातून प्रवेश केला आणि रोममधील जेझू चर्चमध्ये बिशप फ्रान्चेस्को साविनो यांनी त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण केली. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत लिओ यांनी, सर्वांचे स्वागत आहे, पण शिकवणीत नजीकच्या काळात बदल होणे फारच असंभवनीय आहे आणि त्याचा विचार करण्याआधी वृत्ती बदलल्या पाहिजेत, असे सांगितले. उत्तर युरोपात आशीर्वादाचे विधी छापले जात असल्याबद्दल त्यांनी नापसंती दाखविली, कारण ते 2023 च्या घोषणापत्राच्या विरुद्ध जाते. जर्मनीत बिशप परिषद आणि प्रापंचिकांची केंद्रीय समिती यांनी एप्रिल 2025 मध्ये अशा आशीर्वादांसाठी संयुक्त मार्गदर्शिका काढली होती. काही धर्मप्रांतांनी ती स्वीकारली, तर कलोनसह काहींनी ती लागू करण्यास नकार दिला.